घड्याळ चुकलेला डबा

किस्से घडावेत म्हणून आमच्या वर्कशॉपात कोणी वेगळे कष्ट घेत नाही. आम्ही आपलं काम करत असतो आणि काम आपलं बिघडत असतं. बिघडलेलं काम चार दिवसांनी कुणाला तरी सांगायला घेतलं, की त्याचा किस्सा झालेला असतो! सहा वर्षांत इतके साठलेत की नवीन ग्राहक आला की प्रमोदभाऊ त्याला विचारतात, "आधी डबा दाखवू, का आधी ऐकवू?"

वर्कशॉप जळगावच्या एमआयडीसीत, एका डाळ मिलच्या भिंतीला भिंत लावून. माणसं चार. मालक नाना, वय पासष्ट, मूळचे रेडिओ दुरुस्त करणारे. सुलभाताई सोल्डरिंगला. फैजपूरचे प्रमोदभाऊ टेस्टिंग आणि विक्रीला. आणि मी, पुण्यातली नोकरी सोडून परत आलेली. मला नाना 'इंजिनेर बाई' म्हणतात, आणि हे म्हणताना दर वेळी थोडं हसतात.

आम्ही रेकॉर्डिंगचा डबा बनवतो. दोन माइक लावा, गा, आत कार्डावर गाणं साठतं. धुळ्या-नंदुरबारकडे अहिराणी गाण्यांचे स्टुडिओ गल्लोगल्ली आहेत, ते आमचे गिऱ्हाईक. डब्यात एक चिप असते, ती आवाजाचे आकडे करते आणि तीन तारांवरून पुढे पाठवते. तीनच का, हे नाना प्रत्येकाला सांगतात. "केळीच्या ट्रकमध्ये घड भरताना पाहिलंय ना? एक जण मोजणी करतो, एक जण 'हा डावा, हा उजवा' असं ओरडतो, आणि तिसरा माल टाकतो. तिघांचा ताल जमला तर ट्रक भरला. नाही जमला तर केळी पायाखाली."

नानांच्या दोन सवयी इथेच सांगून ठेवते. एक, दुरुस्त झालेल्या प्रत्येक वस्तूवर ते लाल शाईनं 'दुरुस्त' असं लिहून चिठ्ठी चिकटवतात. चाळीस वर्षांत एकही वस्तू त्या चिठ्ठीशिवाय दुकानाबाहेर गेलेली नाही. दुसरी, त्यांच्या वडिलांचं किराणा दुकान होतं, तेव्हापासूनची. अर्धा रिकामा डबा त्यांना डोळ्यांसमोर चालत नाही!

*

पहिला झटका धुळ्याहून आला, फोनवर.

एका स्टुडिओत नवरा-बायकोचं गाणं रेकॉर्ड झालं होतं. बाईंचा माइक डावीकडे, ढोलकीचा उजवीकडे, नवरा ढोलकीवर. स्टुडिओवाल्यानं ढोलकी जरा जास्त झाली म्हणून उजवी बाजू जवळजवळ बंद केली, डावीला भरपूर घुमारा लावला आणि गाणं तसंच मोबाइलवर सोडून दिलं. दुसऱ्या दिवशी बाईंच्या माहेरच्यांनी ऐकलं. सव्वाचार मिनिटं नुसती घुमणारी ढोलकी! बाई गायबच!

चूक माझी होती. 'हा डावा, हा उजवा' असं ओरडणारी जी तार, तिचा अर्थ मी उलटा धरला होता. तार खाली गेली की डावा, वर गेली की उजवा, असं चिप म्हणत होती, आणि मी बरोबर त्याच्या उलट ऐकत होते. असे किती डबे गेले असतील, कुणाकुणाच्या बायका गायब झाल्या असतील, मी हिशेबच सोडून दिला.

मी सुलभाताईंना सगळं सांगितलं. त्यांनी सोल्डरची तार तोडली, चष्मा कपाळावर घेतला आणि म्हणाल्या, "त्यात काय एवढं? नवरा-बायकोला सांगा, जागा बदलून बसा."

खरंच सांगते, नवीन प्रोग्राम पोचेपर्यंत आठवडाभर ते तसेच बसले!

*

आणि मग अक्कांची बातमी आली.

अक्का म्हणजे नानांची थोरली बहीण. नरडाण्याजवळच्या गावात राहतात, वय सत्त्याहत्तर. श्रावणात घरोघर कानबाई ही देवी बसली की त्यांच्या गाण्याशिवाय आसपासच्या चार गावांत देवी उठत नाही, अशी ख्याती. त्यांच्या गळ्यात गाठ निघाली. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, ऑपरेशन करावंच लागेल, माणूस राहील, आवाज राहणार नाही. नाशिकची तारीख मिळाली. मधे सतरा दिवस.

नानांनी फोन ठेवला तेव्हा मी समोरच होते. आधी फोनवर ते "अक्का, तू कसाले काळजी करस? मी शे ना," असं म्हणत होते, आणि ठेवल्यावर हातातला टेस्टर उगाच टेबलावर सरळ करून ठेवला, मग परत सरळ केला. मला रडू आलं, पण रडायची सोय नव्हती.

"मोबाइलवर रेकॉर्ड करून ठेवू या ना," मी म्हटलं.

"चाळीस वर्षं लोकांचे आवाज दुरुस्त केले मी," नाना म्हणाले. "बहिणीचा आवाज फोनमध्ये भरू? आपल्या डब्यात भरायचा. आणि ह्या जुन्या खरखरत्या डब्यात नाही. तुमच्या त्या नव्या चिपच्या डब्यात."

कमी खरखरीची म्हणून मी मागवलेली ती नवी चिप तेव्हा पाकिटातून बाहेरही काढलेली नव्हती. सतरा दिवस!

*

पहिले तीन दिवस नव्या डब्यातून काहीही आलं नाही. खरखर नाही, फुसफुस नाही, काहीच नाही.

आता, मोजणीचा ठेका कुणीतरी एकानं धरायचा असतो. एक तर आवाजाची चिप धरते, नाहीतर तिच्यापुढचा प्रोसेसर धरतो. दुसरा त्या ठेक्यावर चालतो. मी दोघांनाही 'तू दुसऱ्याच्या ठेक्यावर चाल' असं सांगून ठेवलं होतं. चिप वाट बघतेय प्रोसेसरची, प्रोसेसर वाट बघतोय चिपची!

नानांना सांगितलं तर ते म्हणाले, "म्हणजे दोघं व्याही. पंगतीत दोघंही 'आधी तुम्ही बसा' म्हणतायत, आणि जेवण गार."

मी चिडून एका झटक्यात दोघांनाही ठेका धरायला लावला. पाच मिनिटांनी सुलभाताई ओरडल्या. चिप बोट टेकवता येणार नाही इतकी तापली होती! दोघंही एकाच तारेवर जोर लावत होते, एक वर ओढतोय तर दुसरा खाली. मी झडप घालून वायर उपटली. आमच्याकडे त्या चिपा दोनच होत्या. एक गेली.

नाना शांतपणे म्हणाले, "आधी दोघं व्याही होते. आता दोघी सासवा झाल्या."

मला हसू आलं नाही. एकच चिप उरली होती आणि तेरा दिवस.

*

सहाव्या दिवशी आवाज आला. असा आला की मी तो जन्मात विसरणार नाही.

चिप प्रत्येक आकडा एक टिक, म्हणजे मोजणीचा एक ठोका, थांबून पाठवत होती. आधी 'डावा' अशी आरोळी, मग एक टिक गप्प, मग माल. मी न थांबता वाचत होते. फरक किती, तर एका टिकचा. डोळ्याची पापणीसुद्धा त्याच्यापुढे बैलगाडी! पण त्या एका टिकनं सगळे आकडे एक घर सरकले, आणि वजा चिन्हाची जी जागा, तिथं दुसरंच काही जाऊन बसलं. त्यामुळे झालं असं, की उणे बाजूची बारीकशी कुजबुज थेट सगळ्यात मोठा आकडा बनून बाहेर पडायला लागली.

हे मला नंतर कळलं. तेव्हा फक्त एवढंच झालं, की प्रमोदभाऊंनी मोठ्या स्पीकरला डबा जोडला, आणि नानांनी माइकजवळ जाऊन, टेस्टिंगच्या वेळी नेहमी म्हणतात तसं, हळूच, अगदी हळूच, 'श्रीराम' म्हटलं.

देवा! पत्र्याचं छप्पर थरथरलं. सुलभाताईंच्या हातातली सोल्डरिंग गन खाली पडली. प्रमोदभाऊ स्टुलासकट मागे गेले. शेजारच्या डाळ मिलमधले हमाल अंगावरच्या भुशासकट धावत आले, "काय फुटलं? बॉयलर का?"

प्रमोदभाऊ जमिनीवरूनच म्हणाले, "काही नाही भो. नाना नाव घेऊ राह्यले देवाचं."

*

एक टिक थांबायला शिकवल्यावर डबा गायला लागला. पण मधेच कड्-कड् असा आवाज यायचा. नाना म्हणाले, अक्काच्या आधी कुणावर तरी करून बघू. म्हणून आम्ही डबा घेऊन धुळ्याला गेलो, त्याच नवरा-बायकोच्या स्टुडिओत. मला तिथे तोंड दाखवायची लाज वाटत होती, पण बाईंनी चहा दिला.

स्टुडिओत कड्-कड् वाढली. घाईत मी मोजणीची तार वीतभर लांब ठेवली होती, आणि लांब तारेवर टिकचे पडसाद उठतात, एका टिकच्या दोन टिका मोजल्या जातात. प्रमोदभाऊ झाकण उघडून वायर चाचपायला लागले. एका जागी त्यांनी बोट ठेवलं आणि कड्-कड् बंद!

बोट काढलं की कड्-कड्. ठेवलं की बंद.

नानांनी खूण केली, "गाऊ द्या." प्रमोदभाऊ डब्यात बोट खुपसून, वाकून, श्वास रोखून उभे राहिले. सव्वाचार मिनिटांचं गाणं आणि त्याच्यावर आणखी एक! रेकॉर्डिंग इतकं स्वच्छ आलं की स्टुडिओवाला खूश. पैसे द्यायची तयारी त्याने लगेच दाखवली, पण प्रमोदभाऊंकडे नीट निरखून बघत नानांना विचारलं,

"हाऊ माणूस डबासंगे येस का?"

परतीच्या वाटेवर पारोळ्याजवळ नाना एकदम हसायला लागले आणि डोळे पुसायला लागले. त्यातलं हसण्याचं पाणी किती आणि दुसरं किती, ते मी विचारलं नाही.

*

तार आखूड केली, तिच्यावर एक छोटा रेझिस्टर टाकला, प्रमोदभाऊंचं बोट मोकळं केलं. शेवटचा बोर्ड सुलभाताईंनी पहिल्यापासून नव्यानं जोडला. सगळं देखणं झालं. अक्का नाशिकला निघायला एक दिवस उरला होता.

डब्याचं रेकॉर्डिंग डब्यावरच तपासून बघितलं. गायलं, त्यालाच हेडफोन लावून ऐकलं, अगदी जसंच्या तसं. कार्ड काढून लॅपटॉपवर ऐकायला हवं होतं. मी ऐकलं नाही. हे मी आजही स्वतःला सांगते.

अक्कांच्या घरी आम्ही सकाळीच पोचलो. पंखा बंद केला, कोंबड्या हाकलल्या, शेजारच्या घरात कुकर लावू नका म्हणून सांगून आलो. अक्का भिंतीला टेकून बसल्या. आवाज थकलेला, मधेच चिरकणारा, पण सूर जागेवर. कानबाईची सगळी गाणी, बसवायची, जागवायची, उठवायची. मधे पाणी पीत पीत सलग दोन तास गायल्या. मी घड्याळाकडे बघून घेतलं, दहा ते बारा. नाना त्यांच्या समोर मांडी घालून, लहान भाऊ बसतो तसे बसले होते.

संपल्यावर मी हेडफोन पुढे केला. अक्कांनी हातानंच दूर सारला.

"मन्हा आवाज माले ठाऊक शे. तुम्ही ऐका."

नानांनी ऐकलं, मी ऐकलं. उत्तम आला होता. तिसऱ्या दिवशी अक्कांचं ऑपरेशन झालं. माणूस राहिलं.

*

नाना अजून नाशिकलाच होते. मी वर्कशॉपात कार्ड लॅपटॉपला लावलं, दोन ठिकाणी कॉपी करून ठेवू म्हणून. प्रमोदभाऊंनी आधी आपल्या पेनड्राइव्हवर एक घेतली. मग मी फाइलकडे नीट पाहिलं.

लांबी, एक तास पन्नास मिनिटं.

दहा ते बारा, मी स्वतः घड्याळ बघितलं होतं! दहा मिनिटं कुठे गेली? कोणतं गाणं गेलं? आता ते परत कोण गाणार? ज्या बाईचा आवाज चार दिवसांपूर्वी डॉक्टरांनी काढून घेतला, तिच्याकडे जाऊन काय सांगायचं, अक्का, दहा मिनिटं राहिली?

मी फाइल चालू केली. स्पीकरमधून एक लख्ख, चढा, भराभर चालणारा आवाज आला. गाणं तेच, शब्द तेच.

सुलभाताईंनी मान वर केली. "ही कोण पोरगी?"

मग मात्र मी डबा उघडला. क्रिस्टल म्हणजे डब्याचं घड्याळ, एक शेंगदाण्याएवढा चकचकीत तुकडा. तो सेकंदाला किती वेळा मोजायचं ते ठरवतो. भिंग लावून त्याच्यावरचे बारीक आकडे वाचले. घड्याळ चुकीचं होतं! डबा सेकंदाला अठ्ठेचाळीस हजार वेळा मोजतोय असं फाइलवर लिहीत होता, आणि मोजत होता चव्वेचाळीस हजार शंभर वेळा. हळू चालणाऱ्या घड्याळानं भरलं आणि त्यालाच ऐकवलं, म्हणून डब्याला काही कळलं नाही, आम्हालाही कळलं नाही. बाहेरच्या बरोबर घड्याळावर वाजवल्याबरोबर अक्का पळायला लागल्या.

पण चुकीचं क्रिस्टल आलं कुठून? सुलभाताईंनी पेढ्यांचे दोन जुने डबे समोर ठेवले. एकात नव्या डब्यासाठीची क्रिस्टलं असायची, दुसऱ्यात जुन्या डब्यांची. एक डबा रिकामा होता, धुऊन पालथा घातलेला. दुसरा काठोकाठ भरलेला.

अर्धा रिकामा डबा कुणाला बघवत नाही, हे आम्हा दोघींना सांगायची गरज नव्हती.

एकही शब्द हरवला नव्हता, फक्त वेग चुकला होता. फाइलला खरा आकडा सांगितला, आणि अक्का परत आपल्या चालीनं गायला लागल्या. थकलेल्या, चिरकणाऱ्या, अगदी त्या दिवशीच्या. लांबी, बरोबर दोन तास. मी टेबलावर डोकं टेकून पोटभर रडले.

नाना आल्यावर मी सगळं सांगितलं. त्यांनी पेढ्यांचा भरलेला डबा उचलून हलवून बघितला. "बठ्ठा घोळ मन्हाच शे," एवढंच म्हणाले. मग दुरुस्त केलेली फाइल पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकली. दुसऱ्या एका पेनड्राइव्हमध्ये ती घालून, त्यावर आपल्या हातानं चिठ्ठी चिकटवली, 'दुरुस्त'.

*

कानबाईचा रविवार. अक्कांच्या घरी भर दुपारी गाव लोटलं होतं. चौरंगावर कानबाई, आत रोट आणि गंगाफळाची, म्हणजे लाल भोपळ्याची, भाजी, अंगणात बायकाच बायका. अक्का भिंतीला टेकून बसल्या होत्या, गळ्याला पांढरा रुमाल, मांडीवर नातवाची पाटी. आता त्या पाटीवर लिहूनच बोलायच्या.

नानांनी स्पीकर लावला. चिठ्ठीवाला पेनड्राइव्ह घातला. अक्कांचा आवाज अंगणात सुटला आणि सगळ्या बायका एकदम गप्प झाल्या. दोघी-तिघींनी पदर डोळ्यांना लावला. आणला बाई, आपण आवाज आणला!

अक्का ऐकत होत्या. कपाळावर आठी पडली. त्यांनी खडू घेतला, पाटीवर लिहिलं आणि पाटी नानांसमोर धरली.

'हाई डोकरी कोन शे?'

ही म्हातारी कोण, असं सख्खी बहीण विचारत होती. "अक्का, तूच शे ना," ते कसेबसे म्हणाले. अक्कांनी ठामपणे मान हलवली. नाही. पाटीवर त्याच ओळीखाली खडूनं रेघ मारली. नानांनी परत लावलं. परत नाही. बायका आपसात कुजबुजायला लागल्या. एक म्हातारी म्हणाली, आवाज तर तिचाच आहे, पण ती मानत नाही. अक्का भिंतीकडे तोंड करून बसल्या.

नाना पेनड्राइव्ह काढायला गेले. तो हातातून निसटला आणि चौरंगाखाली गेला. प्रमोदभाऊंनी घाईत खिशातला आपला काढून लावला.

त्यात ती पहिली, न सुधारलेली कॉपी होती. पळणारी.

मी ओरडणार होते, "बंद करा!" तोंडही उघडलं होतं. पण अंगणात तो लख्ख, चढा आवाज फिरला, आणि अक्कांनी भिंतीकडचं तोंड अंगणाकडे वळवलं. हात वर आले. टाळी पडली, बरोबर ठेक्यावर. मग दुसरी. पुढच्या ओळीला एका बाईनं सूर मिळवला, मग दुसरीनं, मग अख्खं अंगण गायला लागलं, आणि अक्का मधे बसून, तोंड हलवत, टाळ्या वाजवत होत्या.

गाणं संपल्यावर त्यांनी पाटी पदरानं पुसली. सावकाश लिहिलं.

'हाई मी.'

*

मंगळवारी मी वर्कशॉपात पोचले तेव्हा नाना आधीच आलेले होते. अक्कांचा आवाज भरलेला तो डबा त्यांच्या टेबलावर होता, झाकण उघडं. माझ्या हातात बरोबरचं क्रिस्टल होतं, सकाळीच वेगळं काढून आणलेलं.

नानांनी झाकण लावलं. चारही स्क्रू नीट घट्ट केले. लाल पेन घेतलं, चिठ्ठीवर लिहिलं, आणि ती झाकणावर मधोमध चिकटवून अंगठ्यानं दाबून धरली. मी वाकून वाचलं.

'दुरुस्त करू नये.'